अडीचशेचा पिवळा मीटर, तीन हंगाम आणि आबांची टाटा मोबाइल

मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट, करंट वगैरे मोजायचा हातातला मीटर, घेतला २६० रुपयांना. त्याआधीच्या आठ महिन्यांत गाडीत घातलेले पैसे असे: दोन बॅटऱ्या, एक रिपेर केलेला डायनामो (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, आमच्याकडे त्याला डायनामोच म्हणतात), स्टार्टरची एक दुरुस्ती, आणि पाच-सहा वेळा गाडी दोरीने ओढून नेण्याची मजुरी. हा हिशोब आधीच मांडते, कारण पुढे मी या मीटरची भरपूर उणीदुणी काढणार आहे. ती वाचून कुणी घ्यायचाच नाही असं ठरवू नये.

गाडी म्हणजे टाटा मोबाइल २०६ पिकअप, १९९३ची, एमएच ०७. सासरे म्हणजे आबा तिला अजून 'टेल्कोची' म्हणतात, टाटा मोटर्सच्या जुन्या नावाने. १९८८ साली ही गाडी आली आणि पुढे सिएरा अन् इस्टेट हिच्यातूनच निघाल्या, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात, अगदी गॅस सिलिंडर द्यायला येणाऱ्यालासुद्धा. १९४८ सीसीचं डिझेल इंजिन अजून पहिलंच आहे आणि त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार तारांची आहे, आणि त्यात गाडी बनवणाऱ्याचा काही दोष नाही. देवगडात, समुद्रावरून सरळ येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात, तीस वर्षं तांब्याची तार ठेवली तर तिचं काय होणार? कल्हई गेलेल्या पातेल्यात आमटी कळकते, तशी आमची वायरिंग कळकलेली आहे. भरीला जून ते सप्टेंबर गाडी मांगरात, म्हणजे शेडमधे उभी, आणि मांगरात उंदीर.

नवरा मुंबईला. गणपतीला येतो, मे महिन्यात आंब्याला येतो. मधल्या काळात बाग, मांगर, आबा आणि गाडी माझ्याकडे. गाडी चालवायला मी लग्नानंतर शिकले. तिच्या तारांत हात घालायला शिकले ते चिडून. २०२२च्या हंगामात ऐन एप्रिलात पेट्या भरलेल्या होत्या आणि गाडीने नुसतं 'टक' केलं. तालुक्याच्या एका दुकानात सांगितलं, बॅटरी गेली. नवी टाकली. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग म्हणाले डायनामो. तोही बदलला. पुढच्या खेपेला स्टार्टर. त्यानंतर पुन्हा बॅटरीवर आले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की यांना काही कळलेलं नाही, क्रमाने एकेक वस्तू बदलणं चाललंय. त्याच डिसेंबरात बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून हा मीटर उचलला.

दिसायला कसा, तर तळहाताएवढा, पिवळी कड, मधे गोल फिरवायचं बटण. बऱ्याच कंपन्या हाच साचा आपापलं नाव चिकटवून विकतात, म्हणून नावाला अर्थ नाही. खाली तीन छिद्रं. काळी वायर 'कॉम' लिहिलेल्यात, लाल मधल्यात, आणि सगळ्यात वरच्या '१० ए' लिहिलेल्या छिद्राबद्दल नंतर सांगते, ती वेगळीच कहाणी आहे. बटणावर वीसेक खाचा आहेत. पहिल्यांदा बघून छाती दडपते. पण गाडीच्या कामाला त्यातली एकच नव्वद टक्के वेळा लागते: डीसी व्होल्टची २० ची खाच. मी तिच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. आबांना चष्म्याशिवायही दिसतो.

पाठ करायचे आकडेही चारच. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ च्या आसपास असेल तर भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसलं तर डायनामो चार्ज करतोय. आणि सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर मात्र बॅटरीवर संशय घ्यायचा. एवढं मला दुकानात कुणी सांगितलं असतं तर दुसरी बॅटरी वाचली असती.

पहिली लढाई त्या 'टक'शीच होती. मीटर आणला त्याच आठवड्यात सकाळी गाडी उठेना. बॅटरीवर लावला: १२.६. आबांना चावी फिरवायला सांगितली. टक. आकडा उतरला ११.५ वर, त्याखाली गेलाच नाही. म्हणजे बॅटरीत दम आहे, तो स्टार्टरपर्यंत पोचत नाही. कुठे अडकतो? इथे मीटरचा खरा उपयोग कळला, आणि तो बऱ्याच मेकॅनिक लोकांना माहीत नसावा असं आता वाटतं. काळं टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर धरलं. क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खुंटीवर. लाल टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. हे दोन्ही बिंदू विजेच्या हिशोबाने एकच असायला हवेत, तेव्हा मीटरने शून्याच्या आसपास दाखवायला हवं. चावी फिरवली तर २.१!

दोन व्होल्ट बॅटरी आणि इंजिनाच्या मधल्या वाटेवर खर्च होत होते. बॅटरीची मायनस चेसिसला, आणि चेसिसपासून गिअरबॉक्सला एक विणलेली तांब्याची पट्टी जाते. हेच अर्थिंग, करंटच्या परतीची वाट. खाली पडवीतलं गोणपाट अंथरून आत शिरले. पट्टी जागेवर होती, बोल्ट घट्ट होता, पण चिमटीत धरली तर हिरवी पूड हातात आली. तांबं उरलंच नव्हतं म्हणा. आणि तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. त्या एप्रिलात चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल गरम लागायची. मी समजत होते इंजिनाच्या उष्णतेने. पण इंजिन चालूच झालेलं नसताना उष्णता कुठली? पट्टी गेल्यावर परतीचा करंट मिळेल त्या वाटेने चालला होता, आणि त्याला केबलची तार सापडली होती. असं होत असताना केबलचं वेष्टण वितळून ती अडकूही शकते. घाटात तसं झालं असतं तर, हा विचार मी जास्त वेळ करत नाही.

याच पट्टीवर मी आधी ओहमची, म्हणजे तारेचा विरोध मोजायची खाचही वापरून बघितली होती. तिने सांगितलं सगळं उत्तम. ०.७ दाखवलं, आणि दोन्ही टोकं एकमेकांना नुसती टेकवली तरी ०.६ येतं, म्हणजे पट्टीचा विरोध जवळजवळ काही नाही. पण स्टार्टर २०० अँपिअर ओढत असेल, तर एका ओहमचा शंभरावा हिस्सासुद्धा दोन व्होल्ट गिळतो. तेवढा बारीक हिस्सा या मीटरच्या ओहमच्या खाचेत दिसणं शक्यच नाही. म्हणून जाड तारा, अर्थिंग, बॅटरीचे क्लॅम्प ही मंडळी ओहमने तपासू नयेत. चावी फिरवून, करंट वाहता ठेवून, व्होल्टने तपासावीत. नवी पट्टी १८० रुपयांना मिळाली. चेसिसचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड काढलं, बोल्ट आवळला, वर व्हॅसलिन फासलं. पुन्हा मोजलं: ०.२. गाडी पहिल्या फटक्यात उठली. आबा एवढंच म्हणाले, "अडीज शे रुपयांत?" आणि आत गेले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे जाहीर सत्कारच.

यानंतर मी जरा फुशारले. गाडीतलं काहीही बिघडलं की मीटर लावायचा आणि आकड्यावरून निकाल द्यायचा. तो माज उतरला २०२३च्या पावसाळ्यानंतर.

ऑक्टोबरात गाडी बाहेर काढली तर मागचा डावा ब्रेकलाइट बंद. बल्ब बदलला, तरी बंद. होल्डरमधे मीटर लावला, आबांनी ब्रेक दाबला: १२.४. करंट येतोय, बल्ब नवा आहे, मग पेटत का नाही? होल्डर नवा घातला. अर्थिंग घासलं. दुसरा बल्ब. तिसरा बल्ब. मीटर आपला प्रत्येक वेळी १२.४ म्हणतोय, आणि मागे काळोख. शेवटी वायरमनकाकांना फोन केला. हे त्या दुकानातले नव्हेत, आमच्या वाडीच्या पलीकडचे, आयुष्यभर ट्रकांची वायरिंग केलेले, आता दिसत कमी म्हणून घरी बसलेले.

काका आले ते पिशवीतून एक वस्तू घेऊन: इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याचा होल्डर, आणि त्याला जोडलेल्या दोन हात-हातभर वायरी. एकीला चिमटा, दुसरीला सुई. चिमटा चेसिसला लावला, सुई होल्डरमधल्या पत्रीला. बल्ब पेटला, पण देवघरातल्या निरांजनाएवढा. मी म्हटलं, "काका, मीटर तर साडेबाराच्या घरात दाखवतोय." ते हसले. "वैनी, मीटर खोटा बोलणा नाय. पण तो फकस्त बघता. बल्ब कामाक लावता."

मग ते तार धरून मागून पुढे सरकत गेले, मधे मधे सुई टोचत. डिझेलच्या टाकीच्या वरच्या बाजूला चेसिसला लागून जिथे वायरिंग जातं, त्याच्या अलीकडे बल्ब मिणमिणता, पलीकडे लख्ख. टेप सोडली. उंदराने तार कुरतडून एकच केस ठेवला होता, तोही हिरवा.

नंतर हे शांतपणे समजून घेतलं, कारण मला राग आला होता, आणि कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं. मीटर मोजायला जवळजवळ काहीच करंट घेत नाही. या स्वस्त मीटरचा आतला विरोध दहा लाख ओहमच्या घरात असतो. १२ व्होल्टला तो एका अँपिअरचे बारा दशलक्षांश ओढणार. तेवढ्याला एक केस पुष्कळ होतो. पण ब्रेकलाइटला पावणेदोन अँपिअर लागतात. बागेतल्या पाइपाचं बघा. मधे चिखल अडकलेला असला तरी टोकाची तोटी बंद असेपर्यंत पाइप फुगलेलाच राहतो. तोटी सोडली की कळतं धार किती ते. बंद तोटीचा दाब मीटर बघतो, आणि काकांचा बल्ब तोटी सोडतो.

तेव्हापासून माझा नियम असा: तार तुटलीय का, फ्यूज गेलाय का, अमुक ठिकाणी करंट 'पुरेसा' येतो का, हे बल्बाने. नेमका आकडा हवा असेल तेव्हा मीटर, आणि तोसुद्धा बल्ब किंवा हेडलाइट किंवा सेल्फ काय असेल ते चालू ठेवून. बल्ब-होल्डर-वायरी सगळं मिळून पन्नासेक रुपयांत होतं. तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल, तर मी आधी बल्ब घ्यायला सांगेन. मीटरच्या परीक्षणात हे लिहिणं विचित्र आहे, पण आहे ते आहे. एकच सावधगिरी: नव्या गाड्यांमधे, जिथे कॉम्प्युटर, सेन्सर वगैरे प्रकार आहेत तिथे हा बल्ब घेऊन भलत्या तारेत सुई खुपसू नका. त्या नाजूक सर्किटला पावणेदोन अँपिअर झेपत नाहीत. आमच्या आबांच्या गाडीत कॉम्प्युटर शोधून सापडायचा नाही.

आता ते वरचं छिद्र.

मीटरने करंट मोजायचा तर लाल वायर त्या '१० ए'च्या छिद्रात घालावी लागते आणि मीटर तारेच्या मधे बसवावा लागतो. माझ्याकडून काय झालं, तर करंट मोजून झाल्यावर बटण व्होल्टवर फिरवलं, पण लाल वायर तिथेच राहिली. आणि सरळ बॅटरीच्या दोन खुंट्यांवर टोकं टेकवली. त्या छिद्राच्या आत एक जाड तार असते, बाकी काही नाही, फ्यूजसुद्धा नाही. बटण कुठे आहे याच्याशी तिला घेणंदेणं नसतं. म्हणजे मी मीटरच्या वायरींनी बॅटरी शॉर्ट केली. ठिणगी उडाली, लाल वायरीचं प्लॅस्टिक मऊ होऊन बोटाला चिकटलं, अंगठ्याला फोड आला. बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि सुदैवाने ती त्या वेळी चार्जिंगवर नव्हती. मीटर वाचला. वायरी गेल्या. आता त्या छिद्रावर कायम चिकटपट्टी असते. करंट मोजायचा असेल तेव्हा काढायची, झाला की परत लावायची, आणि मगच बटणाला हात. ही या मीटरची सगळ्यात मोठी खोट आहे. लिहिलेलं आहे 'अनफ्यूज्ड', पण इतक्या बारीक अक्षरांत की ते वाचणारा माणूस आधीच सावध असतो. आणि सेल्फ मारताना तर या छिद्रातून करंट मोजायचा विचारही करू नका. २०० अँपिअर आणि १० अँपिअर यांतला फरक मीटर एकदाच सांगतो.

पण त्याच छिद्राने मला दीड वर्षांचा चोरही पकडून दिला, म्हणून त्याला पुरती शिवीही देववत नाही.

अर्थिंगची पट्टी बदलल्यावर सेल्फची रड थांबली, पण बॅटरी उतरायची ती उतरायचीच. शुक्रवारी उभी केली की मंगळवारी मेलेली. रोज चालवली तर काही त्रास नाही. म्हणजे उभ्या गाडीत कुणीतरी करंट पितंय. काकांनी फोनवरच सांगितलं, आधी मीटर लावू नको, आधी बल्ब लाव. बॅटरीची मायनस सोडायची आणि खुंटी व क्लॅम्प यांच्या मधे तो २१ वॅटचा बल्ब जोडायचा. कुठे मोठा शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल, मीटर जळणार नाही. बल्ब अगदी मंद लाल दिसला. मग चिकटपट्टी काढून मीटर: ०.६२.

पाऊण अँपिअरसुद्धा नाही, पण गुणाकार करा. दिवसाला जवळजवळ १५ अँपिअर-तास. आमची बॅटरी ६० ची. चार दिवसांत रिकामी. शुक्रवार ते मंगळवार. हा आकडा कागदावर उतरला तेव्हा मला अक्षरशः आनंदाने ओरडावंसं वाटलं, कारण एवढे महिने जी गोष्ट गाडीच्या नशिबावर ढकलली जात होती, ती आता पाढ्यात बसत होती.

मग एकेक फ्यूज काढत गेले आणि मीटरकडे बघत गेले. हॉर्न: ०.६२. इंडिकेटर: ०.६२. वायपर, दिवे, स्टीरिओ: ०.६०. स्टीरिओची आठवण ठेवायला ०.०२ जातात, ते माफ. सगळे फ्यूज ताटलीत, आणि तरी ०.६०. म्हणजे चोर फ्यूजच्या आधीच बसलेला. फ्यूज न लागता बॅटरीला थेट जोडलेलं काय असतं? स्टार्टरची जाड तार, इग्निशन स्विचची तार, आणि डायनामोची जाड तार. मायनस पुन्हा सोडून (हे विसरू नका, ती तार सतत जिवंत असते) डायनामोमागचा नट काढला, तारेच्या टोकाला टेप गुंडाळली, मीटर परत जोडला: ०.००.

तोच डायनामो. दुकानात बदलून दिलेला, 'रिपेर केलेला पण नव्यासारखा'. त्याच्या आत डायोड असतात. डायनामोतून बॅटरीकडे करंट जाऊ द्यायचा, बॅटरीतून परत येऊ द्यायचा नाही, हे त्यांचं काम. एखादा डायोड गळका झाला की गाडी उभी असताना बॅटरी डायनामोत झिरपत राहते. गंमत म्हणजे चालू गाडीत तो चार्जही बरा करत होता, १३.९ दाखवायचा, म्हणून कुणाला संशय आला नाही. मलाही नाही.

आणि डायोड गळका कशामुळे झाला असेल, याबद्दल माझा एक ठाम अंदाज आहे. त्या दुकानात डायनामो बसवून झाल्यावर मुलाने चालू इंजिनात बॅटरीचं टर्मिनल खसकन काढलं होतं. "बघा मॅडम, गाडी बंद पडली नाय, म्हणजे डायनामो ओके." मी तेव्हा मान डोलावली. बॅटरी म्हणजे त्या यंत्रणेतली उशी. ती अचानक काढली की व्होल्टेज उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) यांचं वाटोळं होऊ शकतं. वर डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही, त्यामुळे ते चालू राहिलं यावरून डायनामोबद्दल फारसं काही सिद्धही होत नाही. तुमच्या गाडीवर कुणी ही परीक्षा करायला लागला तर त्याचा हात धरा. काकांनी डायोड प्लेट बदलून दिली, साडेचारशे रुपये आणि एक डझन आंबे. तेव्हापासून बॅटरी तीच आहे.

डायोडच्या बाबतीत मीटरने मला आणखी एकदा तोंडघशी पाडलं. कुठेतरी ऐकलं होतं की डायोड गेला की बॅटरीवर एसी व्होल्ट दिसतं. म्हणून एसीच्या खाचेत लावला तर २७! घाबरून टोकं उलटी केली तर शून्य. नंतर कळलं, या साच्याचे स्वस्त मीटर एसीच्या खाचेत डीसी अडवत नाहीत, त्यालाच एसी समजून दुपटीहून जास्त फुगवून दाखवतात. तेव्हा ती चाचणी या मीटरवर करायचीच नाही. घरातल्या प्लगवर तपासायलाही मी हा वापरत नाही. २३० व्होल्टच्या समोर या असल्या वायरी हातात धरण्यात शहाणपण नाही.

आणखी एकदा चार्जिंग १५.८ दाखवायला लागला. रेग्युलेटर गेला, बॅटरी उकळणार, म्हणून मी धावतपळत काकांकडे. त्यांनी नातवाचा मीटर लावला: १४.२. माझ्या मीटरच्या पोटातली ९ व्होल्टची बॅटरी उतरली होती. ती उतरली की हा आकडे वाढवून सांगतो. कोपऱ्यात बॅटरीचं चित्र येतं म्हणे, ते मी पाहिलं नव्हतं. याला आपोआप बंद व्हायची सोय नाही, विसरलात की रात्रभर चालू. वर्षाला दोन बॅटऱ्या धरा.

हेडलाइटचं काम लवकर आटोपलं. बॅटरीवर १३.६ आणि दिवे चालू असताना बल्बाच्या मागे १०.९. दोन्ही दिव्यांचे नऊ-दहा अँपिअर आमच्या गाडीत तीस वर्षांच्या स्विचातून आणि डिपरमधून फिरून जात होते. तंतूच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने पडतो. दहा टक्के व्होल्टेज कमी झालं तर तीसेक टक्के उजेड जातो, इथे तर वीस टक्के गेलेलं. फोंडाघाटात रात्री पेट्या घेऊन चढताना मी काच पुसत होते, ती उगाच. दोन रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू करणारे स्विच) बसवले, बॅटरीपासून फ्यूज घालून थेट तार ओढली, जुन्या स्विचाकडे फक्त रिलेला इशारा द्यायचं काम ठेवलं. आता बल्बाजवळ १३.१. आणि जाता जाता, डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल बल्ब गेला असेल तर तो आधी बदला. बऱ्याच डायनामोंना जागं व्हायला पहिला करंट त्याच बल्बातून मिळतो. आमचा गेला होता, तेव्हा इंजिन रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरूच व्हायचं नाही.

काकांच्या नातवाचा तो दुसरा मीटर म्हणजे चिमट्याचा, डीसी करंटसुद्धा मोजणारा. तारेभोवती चिमटा लावला की झालं, काही सोडायला नको, शॉर्टची भीती नाही. तीन हजारांच्या आसपास पडला असं तो म्हणाला. सुख आहे, नाही म्हणत नाही. पण घेताना खोक्यावर डीसी अँपिअर लिहिलंय ना ते बघा, कारण तसेच दिसणारे बरेच चिमटे फक्त एसी मोजतात आणि गाडीच्या कामाला शून्य उपयोगाचे. माझं तूर्त पिवळ्यावर भागतंय. खाऱ्या हवेने त्याचं बटण अडकायला लागलंय, आकडे नाचायला लागले की चार वेळा इकडून तिकडे फिरवते, मग सुधारतो. पडद्याला उजेड नाही, बॉनेटखाली संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च लावून तो दातात धरून वाचावं लागतं.

एकूण साडेतीन तारे देईन. एक तारा कापला त्या वरच्या छिद्रासाठी, अर्धा मूळच्या वायरींसाठी. वायरी वेगळ्या घ्या, मऊ सिलिकॉनच्या. मला १८० ला मिळाल्या. मीटर घेताना दुकानातच २० च्या खाचेवर ठेवून एखाद्या नव्या ९ व्होल्टच्या बॅटरीला लावून बघा, साडेनऊच्या आसपास दाखवला तर घ्या. आणि पिशवीत एक २१ वॅटचा बल्ब टाकायला विसरू नका.